झाकण्याआधीची हाक

सकाळचे सात चाळीस झाले होते आणि सुतार आपल्या मुलीच्या घराच्या तळघरात स्टुलावर चढून उभा होता. तोंडात बॅटरी, डावा पंजा डोक्यावरच्या तुळईला टेकलेला, उजव्या हातात टोच्या. त्याने टोच्या तुळईत दाबला. अर्धं बोट आत गेला, लोण्यात जावा तसा. त्याने तो बाहेर ओढला, टोक नाकाशी नेऊन हुंगलं आणि पुन्हा वर बघत राहिला.

जिन्यावर मुलगी उभी होती. कडेवर नुकतं रांगायला लागलेलं बाळ.

"बाबा, बोला ना काहीतरी."

त्याने बॅटरी तोंडातून काढली. "तोंडात बॅटरी होती."

"आता नाहीये."

"आता विचार करतोय."

साठीला टेकलेल्या या माणसाला सगळे टोच्या म्हणतात. हत्यार आणि माणूस यांचं नाव एकच. कुठलंही लाकूड दिसलं की आधी टोचून बघायचं ही त्याची खोड. पहिल्यांदा सासरी जेवायला गेला तेव्हा त्याने टेबलाचा पाय टोचून बघितला होता, असं त्याची बायको सांगते. त्यावर त्याचं एकच म्हणणं असतं: पाय खरंच किडका होता.

मुलीने आणि जावयाने हे जुनं घर तीन वर्षांपूर्वी घेतलं. तळघराचं छत म्हणजे वरच्या मोठ्या खोलीची जमीन. ती आडव्या लाकडी तुळयांवर बसलेली. जुन्या फळ्या गेलेल्या होत्या. त्या काढून टोच्याने नवी जमीन घातली, लाकूड स्वतः निवडून. मुलीला काय द्यायचं ते त्याने त्या जमिनीत दिलं. आता त्या जमिनीचा मधला भाग पायाखाली दबत होता, चटई खालून ओली लागत होती आणि बाळाला कोपऱ्यातल्या खोलीत कोंडून ठेवावं लागत होतं. जावई सभ्य माणूस. त्याने एवढंच विचारलं होतं, "बाबा, लाकूड थोडं कच्चं होतं का हो?" या एका वाक्यावर टोच्या दोन रात्री नीट झोपला नव्हता.

त्या जमिनीखालचे पाइप त्याच्या साडूने टाकले होते. साडू, म्हणजे टोच्याच्या मेहुणीचा नवरा, प्लंबर. दोघांचा एकच टेम्पो. वीसेक वर्षं दोघांनी मिळून लोकांची घरं दुरुस्त केली. त्यांच्या कामात एक रीत होती. पाइप भिंतीत किंवा जमिनीत गडप होण्याआधी टोच्या ओरडायचा, "झाकू का?" साडूने जोड तपासलेला असला तर तिकडून उत्तर यायचं, "झाक." मगच फळी बसायची. उत्तर आलं नाही तर टोच्या हातोडी खाली ठेवून विडी ओढत बसायचा. एका घरमालकाने वैतागून म्हटलं होतं, तुम्ही दोघं काम करता की लपंडाव खेळता?

आदल्या संध्याकाळी टोच्याने तळघराच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा एक चौकोन चारी बाजूंनी चिकटवून ठेवला होता. भिंतीतून ओल येत असती तर सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब दिसले असते. हवेतली असती तर बाहेरून. दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या. हवेचे झरोके उघडे होते. जाळीवरचं कोळ्याचं जाळं हलत होतं, म्हणजे वाराही येत होता. ओल होती ती फक्त दोन तुळयांना, तीही खोलीच्या मध्यावर, भिंतीपासून लांब. पाणी वरून येत होतं.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं माणसं संशय आला की म्हणतात. टोच्याच्या धंद्यात या वाक्याला दुसरा अर्थ नाही.

त्या दोन तुळयांच्या मध्ये गरम पाण्याचा पाइप होता. टोच्याने त्यासाठी फळ्यांची लांबट पेटी करून दिली होती. साडूने तीत पाइप टाकला, पाणी निवू नये म्हणून भोवती जाड कापड गुंडाळलं, वर टोच्याने जमीन घातली. पेटीकडे टोच्याने अजून बघितलं नव्हतं. तिथे साडूचं "झाक" होतं.

"काकांना एकदा फोन करू का?" मुलीने विचारलं.

"करू. पाइप तपासायला लागेल."

"पाइप तपासलाय त्यांनी." ती जरा घुटमळली. "मागच्या महिन्यात आले होते काका. मीच बोलावलं होतं. म्हटलं, तुम्हाला कशाला उगाच धावपळ."

टोच्या स्टुलावरून उतरला. "मग?"

"तळघरात एकटेच होते बराच वेळ. वर आले आणि म्हणाले, पाइप ठणठणीत आहे. लाकूडच ओलं लागलं असणार, तेव्हा घाई होती ना. आणि म्हणाले, बाबांना सांगू नकोस, मनाला लावून घेतील."

"असं म्हणाला?"

"हो. म्हणून तर मी इतके दिवस गप्प होते."

टोच्याने स्टूल सरकवलं आणि पेटीखाली उभा राहून बॅटरी वर धरली. पेटीची खालची फळी चार स्क्रूंवर होती. स्क्रू बसवताना सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आणायच्या, ही त्याची दुसरी खोड. त्याने काही फायदा होत नाही, फक्त कुणी नंतर उघडलं तर कळतं. चारही खाचा आता चार दिशांना होत्या.

त्याने पेचकस मागितला. तिसरा स्क्रू निघाला तशी फळी एका बाजूने कलली, आतून पाण्याची धार त्याच्या बाहीत शिरली आणि पाठोपाठ काहीतरी खणकन जमिनीवर पडलं. ते गोल गोल फिरत जिन्यापर्यंत गेलं आणि आडवं झालं. बाळ हसलं.

स्टीलचं झाकण होतं. जेवणाच्या डब्याचं, काठाला पोचा आलेलं.

ते झाकण टोच्याला चांगलं माहीत होतं. या घराचं काम चालू असतानाच ते हरवलं होतं. तेव्हापासून साडू डब्यावर ताटली ठेवून रुमाल बांधून आणायचा आणि जेवायला बसलं की म्हणायचा, "लाकडाच्या भुशाने याचं पोट भरेना, झाकण गिळलं माझं." तीन वर्षं हा विनोद चालला होता. टोच्या प्रत्येक वेळी हसला होता.

त्याने आत बॅटरी मारली. जोडातून थेंब गळत होता. जोडाभोवती रबराची पट्टी आवळलेली होती आणि ती काळी कुळकुळीत, नवी कोरी होती.

दुपारी एकला दारात टेम्पोचा हॉर्न वाजला. सकाळी त्याला इथे सोडून गेलेला साडू घ्यायला आला होता. तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "काय टोच्या, किती भोकं पाडलीस पोरीच्या घराला?"

टोच्या स्वयंपाकघरात बसला होता. समोर टेबलावर झाकण होतं, पुसून ठेवलेलं. साडूने ते बघितलं आणि खुर्ची ओढता ओढता थांबला.

"कुठं सापडलं?"

"तू ठेवलंस तिथं."

मुलगी गॅसपाशी उभी होती. ती वळली नाही.

साडू बसला. "थेंब होता रे तेव्हा. एकच. दुसऱ्या दिवशी हिचं सामान येणार होतं, आणि तसला जोड बाजारात मिळत नव्हता. म्हटलं, क्षार धरतील, आपोआप बंद होईल. होतं असं, तुलाही माहीत आहे."

"होतं."

"मग झालं तर."

"बंद होणार होतं तर थेंबाखाली झाकण कशाला ठेवलंस?"

बाहेर टेम्पोचं इंजिन चालूच होतं.

"नंतर येऊन बदलणार होतो मी."

"मागच्या महिन्यात आला होतास."

"अरे, तेव्हा बघितलं तर तुळया कुजलेल्या. मी घाबरलो. एवढं मोठं नुकसान कसं सांगायचं?"

"म्हणून लाकडावर ढकललंस."

"लाकूड काय बोलतं का?" साडू म्हणाला, आणि बोलल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. तो मुलीकडे वळला. "तुझ्या बाबांचं नाव घ्यायचं नव्हतं गं मला."

"माझं घेतलं असतंस तरी चाललं असतं," टोच्या म्हणाला. "मी वरून 'झाकू का' म्हटलं तेव्हा तू झाकण ठेवून मोकळा झाला होतास. आणि 'झाक' म्हणालास."

"म्हणालो."

"वीस वर्षांत मी कधी वाकून बघितलं नाही."

साडू म्हणाला, "उद्या नवा जोड आणतो. सव्वासातला कोपऱ्यावर उभा राहा नेहमीसारखा."

"जोड दुसरा माणूस घालील. सांगितलंय त्याला."

साडू उठला. झाकणाकडे हात नेला, मग तसाच मागे घेतला आणि निघून गेला.

तो गेल्यावर टोच्या पुन्हा तळघरात उतरला. हाताने फिरवायच्या गिरमिटाने दोन्ही तुळयांना खालून एकेक बारीक भोक पाडलं आणि भुसा तळहातावर झेलला. आधी काळा लगदा आला. मग, अर्ध्या बोटानंतर, फिकट कोरडा भुसा, आणि गिरमिट करकर वाजायला लागलं. आतलं लाकूड शाबूत होतं. कूज होती ती वरवरची. त्याने मुलीला हाक मारून तो भुसा दाखवला, बोटाने चोळायला लावला.

"तुळया राहतील. कुजकं तासून टाकायचं, पंखा लावून वाळवायचं, बाजूला एकेक जोडफळी मारायची. घर सोडायचं नाही. जावयाला सांग, लाकूड पक्कं होतं."

"तुम्हीच सांगा."

"तू सांग."

संध्याकाळी घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती आणि साडूची बायको सख्ख्या बहिणी, रोज फोनवर बोलणाऱ्या. "मी तिला आता काय सांगू?" तिने विचारलं.

"झाकण सापडलं म्हणून सांग."

"आणि त्याच्यावर ती विचारेल, कुठं?"

"ते त्याला विचार म्हणावं."

त्याने हत्यारांची पेटी दाराशी आणून ठेवली. ती जड आहे आणि आजवर टेम्पोतूनच गेली आहे. उद्या नवा प्लंबर आठ वाजता मुलीच्या घरी येणार आहे. तो जोड बदलेल तेव्हा टोच्या त्याच्या शेजारी बॅटरी धरून उभा राहणार आहे. टेम्पो सव्वासातला कोपऱ्यावर येतो. मुलीच्या घराकडे जाणारी पहिली बस सहा पन्नासला सुटते. टोच्या त्या बसने जाणार आहे.