शकीलाचाचीचा लाल दिवा

शकीलाचाची किल्ली फिरवायची आणि थांबायची. मागं माणसं दाटीनं बसलेली असायची, कुणाला तरी कोर्टाची तारीख असायची, कुणाला दवाखाना. चाचीला त्याचं काही नसायचं. मीटरमधले लाल दिवे लागलेले ती नीट बघायची आणि म्हणायची, "डोळं उघडलं बाईनं." मग इंजिन सुरू व्हायचं, दिवे विझायचे आणि आमची वडाप जीप मुरगूडवरून कोल्हापूरकडं निघायची.

वडाप म्हणजे सीट भरली की सुटणारी आणि हात केला की थांबणारी गाडी. आधी ती चाचा चालवायचे. त्यांच्या कमरेनं दगा दिल्यावर चाचीनं स्टिअरिंग धरलं. स्टँडवर तिचा नंबर लागला की बाकीचे ड्रायव्हर तो डावलायला बघायचे. एकदा संभा नावाचा ड्रायव्हर म्हणाला, "चाची, बाईमाणसाला नंबर कशाला पायजे? मिळतील ती पॅसेंजर घ्या की." चाचीनं जीप त्याच्या गाडीपुढं आडवी लावली. "पॅसेंजर काय माझं लुगडं बघून बसत्यात व्हय? गाडी बघून बसत्यात. सरक मागं." पुढं हाच संभा तिचा सगळ्यात जवळचा झाला. तिच्याशी भांडलेली माणसं बहुतेक तिचीच व्हायची.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गावाकडची शेवटची एस.टी. माझं प्रॅक्टिकल संपायच्या आधीच निघून जायची. आबा, म्हणजे माझे वडील, स्पष्ट म्हणाले होते, "शकीलाच्या गाडीनं येणार असशील तर जा, न्हायतर नको." त्यामुळं चाचीची जीप चालणं आणि माझं कॉलेज चालणं ही माझ्यासाठी एकच गोष्ट होती.

मग एकदा जीपच्या मीटरमधला वेगाचा काटा अडकला. आर.टी.ओ.च्या पासिंगला मीटर चालू लागतो, म्हणून संभानं आपल्या जुन्या जीपचा मीटर आणून बसवून दिला. काटा छान फिरायला लागला. पण त्याच आठवड्यापासून बॅटरी उतरायला लागली. कोल्हापूरच्या स्टँडवर आम्ही मुली वह्या सीटवर टाकून जीप ढकलायचो आणि बाकीचे ड्रायव्हर शिट्ट्या मारायचे. चाची खिडकीतून ओरडायची, "हसा हसा. तुमच्या गाडीला ढकलाय कुणी येणार न्हाय."

एका संध्याकाळी परत येताना हेडलाइट पिवळे होत होत पार मावळले. ऊस भरलेली ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसली. चाचीनं ब्रेक मारला. कुणाला काही झालं नाही, पण ही गोष्ट माझ्याआधी घरी पोचली होती.

"बिनदिव्याच्या गाडीतनं पोरगी पाठवायची न्हाय मला," आबा म्हणाले. "पुढची परीक्षा बाहेरनं दे."

मला तेव्हा आबांपुढं बोलता यायचंच नाही. दारात उभी असलेली चाचीच बोलली. "आबा, सोमवारी हिला न्यायला येतो. गाडी नीट करून येतो." आमच्याकडं बायकाही 'मी येतो'च म्हणतात, पण चाचीनं म्हटलं की ते जरा जास्तच ठाम वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला सोबत म्हणून शिवाजी पेठेत दिलीप मिस्त्रींकडं नेलं. ते गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतात. बॅटरीला करंट देणारा अल्टरनेटर त्यांनी खाली उतरवून तपासला. तो ठणठणीत होता. बॅटरी चांगली, पट्टा चांगला. गंमत म्हणजे मोकळ्या रस्त्यावर गाडी जोरात पळवली की कधीकधी चार्जिंग आपोआप यायचं, आणि स्टॉपवर डिझेल वाचवायला चाचीनं इंजिन बंद केलं की पुन्हा जायचं. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "चाची, गाडी म्हातारी झाली. भंगारात घाला आता."

"म्हातारी झाली, मेली न्हाय. मी बी म्हातारी झालोय. मला कुठं घालतोस?"

ती जाऊन सीटवर बसली. किल्ली फिरवली आणि सवयीनं थांबली. या वेळी फार वेळ थांबली.

"मिस्त्री, ऑइलचा दिवा लागतोय. बॅटरीचा न्हाय. संभा म्हटलावता, ह्या मीटरात तो दिवा लागतच न्हाय. मग हितं बॅटरीचं चित्र कशाला काढलंय?"

तिनं तिथूनच संभाला फोन लावला. स्पीकरवर तो हसत सांगत होता, "अवो, तो बल्ब मीच काढलावता की लई मागं. म्होरं बसल्यालं पावणं सारखं इचारायचं, लाल दिवा का लागलाय, गाडी बंद पडतीया काय. बल्ब काढला, कटकट गेली."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. या जुन्या जीपमध्ये अल्टरनेटरला जागं करणारा थोडासा करंट त्या बल्बमधूनच जातो, त्यांनी सांगितलं. बल्ब नाही, तर तो झोपलेलाच राहतो. संभाची जुनी जीप दिवसाच चालायची आणि कायम उतारावर लावलेली असायची, घरंगळतच सुरू व्हायची, त्यामुळं त्याला कधी कळलंच नव्हतं. मिस्त्रींनी सीटखाली पडलेल्या चाचीच्या जुन्या मीटरमधला बल्ब काढून नव्यात बसवला. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला. समोरच्या तालमीच्या भिंतीवर भरदुपारी हेडलाइटचे दोन पांढरे गोल उमटले.

परतताना चाची बराच वेळ धुमसत होती. "लाल दिसू ने म्हणून बल्बच काढला. कोण इचारीना, सगळं गप. गप हाय म्हंजे बरं हाय व्हय गं?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू बी घरात गपच असतीस न्हवं?"

रविवारी जेवताना आबांनी परत बाहेरून परीक्षा द्यायचा विषय काढला. मी हातातला घास ताटात ठेवला. "मी जाणार आहे, आबा," मी म्हणाले. मग पुढचंही बोलले. "बाहेरनं परीक्षा देणार नाही. रोज जाणार आहे."

आई भाकरी थापायची थांबली. आबा माझ्याकडं बघत राहिले, रागानं नाही, मी घरात नवीनच आल्यासारखं. मग ताटाकडं बघत त्यांनी विचारलं, "दिवं लागत्यात काय तिचं?"

"लागतात."

आता ती जीप नाही, तिचं पासिंग संपलं. चाची मुरगुडात शाळेची व्हॅन चालवते आणि मी कोल्हापुरात हॉस्टेलवर राहून एम.ए. करते. पण चाची म्हटलं की मला तो सोमवारच आठवतो. सकाळचं लख्ख ऊन पडलेलं. जीप दोन्ही हेडलाइट लावून गल्लीत शिरली. आमच्या दारात थांबली, आबांच्या तोंडावर उजेड टाकून.

मी पुढं बसले आणि हळूच म्हणाले, "चाची, दिवसा दिवे कशाला? बंद करा की."

"ऱ्हाऊ देत," चाची म्हणाली. "गावाच्या भाईर पडस्तोवर असंच जायचं."