बरोबरीची जोड

दिनकररावांच्या निधनाची बातमी मला राधानगरीत कळली. बंद घर उघडायचे, कौले गळतात का ते पाहायचे आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला परतायचे, असा बेत होता. सकाळी शैलजाचा फोन आला. 'काका, दादा गेले,' एवढेच ती म्हणाली... मी घराला पुन्हा कुलूप लावले आणि कोल्हापूरची एसटी धरली. त्याला आता काही आठवडे झाले. या वयात माणसे जाण्याची सवय व्हायला हवी. ती होत नाही. फक्त दमायला होते.

ते माझे साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघीही आता नाहीत. शैलजा त्यांची एकुलती मुलगी, कोल्हापुरातच पलीकडच्या पेठेत दिलेली. दिनकरराव तालमीत वाढले. कुस्ती सुटली तरी मैदान सुटले नाही. जत्रांच्या मैदानांवर जोडी लावण्यासाठी त्यांना बोलावणे येई. कोणता मल्ल कोणासमोर उभा करायचा, हे ते दंडाला हात लावून आणि मानेकडे पाहून ठरवीत. त्यांनी लावलेली कुस्ती सहसा एकतर्फी होत नसे. मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढले. आमचे पटत असे, ते मुख्यतः दोघे दोन गावांत राहत होतो म्हणून.

पत्नी गेल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. पाण्यात मीठ कालवून समुद्र तयार करायचा, त्यात खडक रचून प्रवाळ वाढवायचे आणि मग मासे सोडायचे. पैलवान माणसाने काचेपुढे बसून राहावे, हे मला रुचले नव्हते. नारिंगी पट्ट्यांचे दोन लहान मासे सुखाने नांदले. मग त्यांना टँग नावाचा पिवळाधमक मासा हवासा झाला. दुकानदार एकच न्या म्हणत होता. यांनी दोन निवडले. एका लांबीचे, एका अंगाचे. मी सोबत होतो. 'जोड बघा की पावणं,' ते मला म्हणाले, 'उजवंडावं करायला जागाच न्हाय.'

बरोबरीचे होते म्हणूनच ते जुंपले. या माशाला शेपटीजवळ नस्तरासारखा काटा असतो. मैदानात पाठ टेकली की कुस्ती संपते. टाकीत संपत नाही, कारण हरलेल्याला जायला जागा नसते. काही दिवसांत एकाचे पर फाटले. तो खडकामागे लपून राहिला, खाणे सोडले आणि मेला. दिनकररावांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. 'मीच लावली की ही जोड,' म्हणाले. त्यानंतर ते शिकले. सारख्या अंगाचे, सारखे खाणारे दोन एकत्र ठेवायचे नाहीत. भांडखोर असेल तो सर्वांत शेवटी सोडायचा. आणि नवा मासा सोडण्यापूर्वी आतले खडक हलवून सगळी रचना बदलायची. जुन्याची हक्काची कपार मोडली की तोही तिथे नवाच होतो आणि दोघे आपापली जागा शोधतात. हे सारे त्यांनी मला फोनवर, मी विचारले नसताना, सविस्तर सांगितले.

पुढे माझी पत्नी गेली, गुडघे गेले, तेव्हा त्यांनी मला कोल्हापूरला राहायला बोलावले. मी नकार दिला. दोघेही हट्टी, दोघेही एका वयाचे. चार दिवसांत तोंडे फिरतील, असे स्पष्ट सांगितले. 'व्हय, ठावं हाय मला. या तुम्ही,' ते म्हणाले. राधानगरीचा पावसाळा एकट्याने निभेना, तेव्हा गेलो. पुढच्या खोलीत पाऊल ठेवले आणि थांबलो. खिडकीखालचा त्यांचा पलंग, ज्यावर ते लग्नापासून झोपत आले होते, आतल्या भिंतीला गेला होता. कपाट दुसऱ्या कोपऱ्यात, टेबल फिरवलेले. खिडकीशी दोन सारख्या खुर्च्या, दोन्ही टाकीकडे तोंड करून. पहिले काही दिवस ते स्वतःच्याच घरात कपाटाला धडकत. मला पावणं म्हणणे त्यांनी त्या दिवसापासून सोडले. शंकरराव म्हणू लागले. आम्ही भांडलो, बातम्यांच्या आवाजावरून भांडलो, चहातल्या साखरेवरून भांडलो... पण प्रत्येकाला जायला जागा होती.

ते गेले त्या दिवशी ती खोली रिकामी केली गेली. तेराव्यानंतर शैलजाने सामान परत लावले, तिच्या लहानपणी होते तसे. पलंग खिडकीखाली आला. तिच्या मनात ते घर तसेच होते. तिचे चुकले नाही. मी दारात उभा राहिलो. राधानगरीची किल्ली खिशात होती. टाकी कोणाला देऊन टाकावी का, असे तिने विचारले आणि मग खाली बघत म्हणाली, 'काका, तुम्ही इथंच राहणार, का जाणार?'

मी पलंगाचा पाय धरून ओढला. तो हलला नाही.

'गुडघं बघा की आधी. काय करताय हे?'

'हा इथं नव्हता. धर त्या बाजूनं.'

दोघांनी तो आतल्या भिंतीला नेला. दादांनी म्हातारपणी उगाच सगळे हलवले असे तिला वाटत आले होते. कशासाठी हलवले, असे तिने विचारले. 'मला जागा व्हावी म्हणून,' मी म्हणालो. मग खुर्च्या तिनेच आणून खिडकीशी ठेवल्या.

टाकीचे पाणी बदलण्याचे काम आता माझ्याकडे आहे. मीठ कालवताना त्यांच्यासारखा हात बसलेला नाही. पिवळा टँग आहे, एकटाच. संध्याकाळी दिवा लावला की तो डाव्या काचेशी येऊन थांबतो, त्यांच्या खुर्चीसमोर. शैलजा म्हणते, काका, त्याच खुर्चीत बसून खायला घाला, लवकर ओळखेल तुम्हाला. मी उठतो, डावीकडे जाऊन उभ्यानेच त्याला खायला घालतो आणि परत माझ्या उजव्या खुर्चीत येऊन बसतो.