रुसव्या नटाचं ते उत्तर माझं नाही

भूत, करणी, भानामती... यातलं काहीही मी मानत नाही. हे घडलं तेव्हा मानत नव्हतो, आजही नाही. त्यामुळे 'कोणत्या झाडाखालून गेला होतास' असं विचारणाऱ्यांनी आपला वेळ वाचवावा.

मी आखाडा बाळापूरचा. वडिलांचा जुना, पुढे बॉनेट असलेला नाकवाला ट्रक अजून चालता ठेवलाय. जुन्या ट्रकांचं वेड असणाऱ्यांचा एक ग्रुप इंटरनेटवर आहे. कुणाची गाडी अडली की आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी बडवून उपाय सांगतो. मला येतं ते सगळं जब्बार उस्तादांचं. बाळापूरला त्यांचं गॅरेज होतं. २००१ साली ते गेले.

जुन्या ट्रकांना डाव्या चाकांचे नट बहुतेक उलट्या आट्याचे असतात, उलटे फिरवले की आवळतात. उस्ताद अशा नटाला 'रुसवा' म्हणायचे. "रुसवा हाय ते. जबरदस्ती करू नको, उलटं मनव." हा शब्द मी त्यांच्या गॅरेजबाहेर कुठेही ऐकलेला नाही.

तर २००६ ची गोष्ट. वाशीमकडच्या एका मास्तरांनी हौसेनं असाच जुना ट्रक घेतला होता. त्यांनी ग्रुपवर विचारलं – उजवं मागचं चाक लटपटतंय, उद्या सकाळी घरची सगळी लेकरंबाळं घेऊन जवळा बाजार गावी लग्नाला जायचंय, काय करू? मी हिंगोलीच्या एका सायबर कॅफेत बसलो होतो. टाइप केलं – 'उजवी बाजू म्हणजे सुलटा आटा. पान्याला पाइप लावा आणि सुलटं आवळा.' पाठवणार तेवढ्यात लाइट गेली. साडेचार वाजले होते. कॅफेचा यूपीएस कधीचाच मेलेला. मालक म्हणाला, "आता सातशिवाय येत न्हाई." मी चरफडत बस पकडली.

दुसऱ्या दिवशी ग्रुप उघडला तर माझ्या नावानं उत्तर गेलेलं. वेळ – चार चाळीस.

'मास्तर, उजवं मागचं बी रुसवं हाय. तिथं डाव्या बाजूचा हब बसलाय. सुलटं आवळू नका, ढिलं होईल. नट बसतो त्या स्टडच्या तोंडावरचं ग्रीस पुसा, उलट्या आट्याचा एल दिसेल. नीट झाल्याबिगर लेकरं बसवू नका.'

खाली मास्तरांचं उत्तर होतं. दोन नट त्यांनी आधीच सुलटे ओढले होते. गंजलेले, करकरत पाव फेरा फिरले, त्यांना वाटलं आवळले. हे वाचून हात लावला तर दोन्ही बोटानं फिरायला लागले. 'भाऊ, बाकीचेही तसेच ओढून निघालो असतो,' असं त्यांनी लिहिलं होतं.

 माझं उत्तर गेलं असतं तर ती लेकरं वाटेत मेली असती. हे मी गुळमुळीत लिहिणार नाही.

ग्रुपवाले म्हणतात, तूच लिहिलंस आणि विसरलास. अरे, ज्या ट्रकला मी कधी हात लावला नाही त्याचा हब मला कसा कळणार? कुणी पासवर्ड चोरला म्हणाल, तर त्या चोराला 'रुसवा' कुणी शिकवला?

मास्तरांना फोन केला. आधीच्या मालकानं सत्त्याण्णव साली चाकाचं काम बाळापूरला करून घेतलं होतं. मग मी उस्तादांच्या घरी, चाचींकडे गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं.

"व्हय, एका गाडीचं बोलायचे ते," चाची म्हणाल्या. "सामान मिळंना, मालक घाई करून राहिला. मग डावा हब उजवीकडं लावला अन् सांगायचं राहून गेलं. लई तगमग व्हायची त्यांची." मग एकदम म्हणाल्या, "लेकरं सुखरूप हायत ना?"

"व्हय चाची."

"मग तू काहून तकलीफ करून घेऊन राहिला?"

कारण ग्रुपवर शाबासकी मला मिळते, चाची! या प्रकाराचा खुलासा माझ्याकडे नाही, आणि भुतावर माझा विश्वास अजूनही बसलेला नाही. पण दुसऱ्याचं काम मी माझ्या नावावर खपवणार नाही. त्या उत्तराखाली मी लिहिलं – 'हे उत्तर माझं नाही. माझं उत्तर चुकीचं होतं.' ग्रुपची इज्जत जाते म्हणून ॲडमिननं ती ओळ दोनदा काढली.

आज सकाळी मी ती तिसऱ्यांदा टाकून आलोय.