डावा कान

शेंदूर-तेलाचा वास आला की मी आजही गोदावरीच्या कमरेइतक्या पाण्यात उभा असतो.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. शहरातल्या कलासंग्रहालयासाठी मी खेडोपाडी जुन्या मूर्तींच्या नोंदी करत फिरायचो. वडीगोद्रीजवळ रुक्मिणबाईंच्या देव्हाऱ्यात एक देव होता, शेंदरानं पार झाकलेला. त्यांना विचारून मी तेलाच्या बोळ्यानं ते जाड कवच उतरवलं. आतून वीतभर उंचीचा काळा विष्णू निघाला. मी तो उजेडात धरून पुन्हापुन्हा फिरवून पाहिला. नोंदीचं कार्ड भरताना सवयीनं मोठ्यानं बोललो, "डावा कान तुटलेला."

आठ दिवसांनी मूर्ती मागायला गेलो, तर देव्हारा रिकामा.

"तुमीच म्हन्लं ना साहेब, कान तुटलाय," रुक्मिणबाई शांतपणे म्हणाल्या. "खंडित देव घरात ठेवत न्हाईत. मंग काल गंगेत सोडून आले."

त्यांना घेऊन तसाच नदीवर गेलो. त्यांनी दाखवलेल्या जागी उतरलो आणि गाळ चाचपत राहिलो. हाताला लागलेला प्रत्येक दगड देव वाटायचा, वर काढला की दगडच असायचा. दुपार कलली, बोटं बधिर झाली, तरी मी रडत रडत बुड्या मारत होतो.

"साहेब, वर या आता," काठावरून त्या विनवत होत्या. "जीव जाईल तुमचा."

तेव्हा मला त्यांच्या अडाणीपणाचा भयंकर राग आला होता. पण पिढ्यान्‌पिढ्या तो देव त्या घरात अखंडच होता. शेंदूर मी काढला.