शिवकन्याबाई आणि निळी गोळी

आमच्या गावात बायकांच्या महिन्याच्या पाळीला नावं पुष्कळ. अडचण आली, बाहेर बसली, कावळा शिवला. पाळीला पाळी म्हणणारी बाई एकच, घरोघरी आरोग्याचं काम करणारी आमची आशाताई शिवकन्याबाई. पारासमोरून जाताना ती रस्त्यापलीकडच्या पोरीला मोठ्यानं विचारते, "काय गं, पाळी बराबर येऊन राहिली न्हवं?" आणि पारावरची माणसं काहीतरी काम आठवल्यासारखी उठतात. त्यांत मीही आलो. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते लपवता येणार नाही.

शिवकन्याबाई चाळिशी ओलांडलेली, उंच, काटक, आणि बोलायला लागली की समोरच्याला मध्ये तोंड घालू न देणारी. पंधराव्या वर्षी लग्न होऊन ती सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आली. सोळाव्या वर्षी पहिलं लेकरू. "कळा सुरू झाल्या तवा मी सासूला इचारलं, आता बेंबी कवा फाटंल? मला वाटायचं लेकरू बेंबीतून येतंय," असं ती मेळाव्यात पोरींना सांगते. पोरी हसतात, ती हसत नाही. पुढे लेकीच्या पुस्तकांवर तिनं दहावी दिली, आशाचं काम धरलं, आणि तेव्हापासून गावात आणि नाल्यापलीकडच्या थावरा नाईकाच्या तांड्यावर तिचे रोजचे फेरे चालू आहेत.

दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे, चित्रांसकट. तो मी चौदा वर्षं एकाच पद्धतीनं शिकवला. "हा धडा घरी वाचा." मग परीक्षेत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहायची, पोरांनी ती उतरवून घ्यायची, संपलं. मागच्या बाकावर खुसखुस होते, पोरी वहीत तोंड घालतात आणि मला घाम फुटतो. शिवकन्याबाई दर जूनमध्ये शाळेत येऊन माझ्याशी भांडायची. "सर, तुमी घरी वाचा म्हंता. कोणाच्या घरी?" मी हसून टाळायचो.

माझ्या घरी वाचता येतं. माझी प्रतिक्षा नांदेडला डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. तिच्या क्लासमध्ये याच धड्यावर तीन दिवस घालवले, एक डॉक्टरीणबाई बोलावल्या, आणि सुट्टीत घरी आल्यावर पोरीनं आईशी माझ्यादेखत सगळं बोलून दाखवलं. मी पेपरमध्ये डोकं घालून बसलो, पण मनातून बरं वाटलं. तांड्यावरून माझ्या वर्गात येणाऱ्या शिलाच्या घरी पत्र्याची एक खोली, सहा माणसं, आणि वाचता येणारी एकटी शिला. चित्राचं ते पान उघडून ती कुठे बसणार होती? हे मला तेव्हा सुचलं नाही असं म्हणणं सोपं आहे. सुचलं होतं. सोयीचं नव्हतं, एवढंच.

आता निळ्या गोळीविषयी. शाळेत दर सोमवारी पोरापोरींना रक्तवाढीची गोळी देतात, लोहाची. रंगानं निळी. ती पहिल्यांदा आली त्याच आठवड्यात गावात आणि तांड्यावर बातमी पसरली की पोरांना ती ताकदीची आहे, आणि पोरींची मात्र तिनं कूस बंद होते. माणसं कमी करायला सरकारनं धाडलीय म्हणे. पोरी गोळी गालात धरायच्या आणि खिडकीतून थुंकायच्या. मग मी सोमवारी पोरांना बाहेर काढून, दार-खिडक्या लावून, पोरींना डोळ्यांसमोर गोळी गिळायला लावू लागलो. शिवकन्याबाईच्या तर नाकी नऊ आले. घरोघर जाऊन सांगायची, स्वतः गोळी गिळून दाखवायची. "आवं, ह्यानं कूस बंद होत न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई होत." तीन वर्षं तिचा हाच पाढा चालला होता.

शिला माझ्या वर्गात गणितात पहिली. नववी संपली आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं. सोळावं चालू होतं. शिवकन्याबाईनं हेल्पलाइनला फोन केला, माणसं आली, तर मांडवच नाही. लग्न दोन दिवस आधीच पाहुण्यांच्या तांड्यावर उरकून टाकलं होतं. त्यानंतर महिनाभर तांड्यावर शिवकन्याबाईला कोणी बस म्हणालं नाही. मी शिलाच्या वडिलांना, रतनसिंगला, रस्त्यात गाठलं आणि चार शब्द सुनावले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, आमी दसऱ्यानंतर उसाला जातो, सहा म्हैने. मोठी झालेली पोरगी माघारी कोणापाशी ठिवू? संग नेली तर फडात तिला एक दार न्हाई लावाया. तुमी सांगा, कुठं ठिवू?"

पण शिलानं एक करून घेतलं होतं. दसऱ्यापर्यंत माहेरी राहायचं, आई-बाप उसाला गेले की जवळच्याच तांड्यावर सासरी, आणि दोन्हीकडून दहावीच्या परीक्षेपर्यंत शाळा चालू. नवरा जगन ट्रॅक्टरवर होता, तो मधूनमधून सासुरवाडीला येणार. सासूची अट एकच होती. दिवस गेले की त्याच दिवशी शाळा बंद. मार्चपर्यंत पोट राहू द्यायचं नाही, एवढं शिलाला सांभाळायचं होतं. कसं सांभाळायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सांगायचं काम खरं म्हणजे शिवकन्याबाईचं. पण तिच्याकडे वह्या दोन. एक किशोरींची, एक पात्र जोडप्यांची. किशोरींना पॅड आणि रक्तवाढीच्या गोळ्या, जोडप्यांना पाळणा लांबवायची साधनं. शिलाचं लग्न झालं तेव्हा वरून निरोप आला की किशोरींच्या वहीतून तिचं नाव काढा. जोडप्यांच्या वहीत घालायला गेली तर आरोग्य केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, "अठराच्या आतलं जोडपं पात्र कसं होईल? लिहू नका, जाब मला द्यावा लागतो." शिवकन्याबाई तिथून थेट शाळेत आली आणि ओट्यावर बसून सगळा राग माझ्यावर काढला.

"म्हंजे ही पोरगी ना लेकरात, ना बाईत. हायच न्हाई का ती? लगीन झालेलं साऱ्या तालुक्याला म्हाईत, फक्त वहीला म्हाईत न्हाई."

मी म्हणालो, "नोंद न करता द्या की."

"आन काही झालं तर? लगीन मोडाया गेले म्हणून तांडा आधीच माझ्यावर खवळून हाय. गोळीनं नुसती चक्कर आली तरी म्हंतील, बाईनं पोरीची कूस जाळली. मंग पुढं एक दार उघडायचं न्हाई मला. बाकीच्या पोरींचं काय?"

पारावरची माणसं उठवणारी ही बाई घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली. तिनं ठरवलं, मॅडमकडून रीतसर परवानगी घ्यायची. जुलैमध्ये ती दोनदा केंद्रावर गेली, ऑगस्टमध्ये एकदा. मॅडम कधी बैठकीला, कधी लसीकरणाला. चौथ्या खेपेला भेटल्या आणि म्हणाल्या, "वर विचारून सांगते." अजून सांगायच्या आहेत.

आणि इकडे शिला आमची लाडकी झाली होती. सोमवारी सगळ्यांत आधी हात पुढे करणारी पोरगी तीच. गोळी पाण्याबरोबर नीट गिळायची. मग जूनअखेरीस मला म्हणाली, "सर, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या राहिलेल्या बी द्या ना." मी खूश होऊन दोन पट्ट्या दिल्या. हळूहळू लक्षात आलं, बाकीच्या पोरी माझी नजर चुकवून आपल्या गोळ्या तिला देतात. दार उघडल्यावर बाहेर थुंकलेल्या गोळ्याही आता सापडत नव्हत्या. मी शिवकन्याबाईला सांगितलं तर तिचे डोळे भरून आले. "एकीला तरी पटलं, सर. तीन वर्सांत एकीला तरी." पुढच्या मेळाव्यात तिनं शिलाला सगळ्यांसमोर उभं केलं. रक्त तपासलं तर शिलाचं सगळ्यांत चांगलं. टाळ्या वाजवायला लावल्या, आणि त्या टाळ्यांत माझ्याही होत्या.

त्याच जुलैत प्रजननाचा धडा आला. मी म्हणालो, घरी वाचा.

गणपती उठल्यावर शिला वर्गात दोनदा ओकली. मी म्हणालो, "गोळी उपाशीपोटी घेत जाऊ नकोस." ती "व्हय सर" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायची बंद झाली. चार दिवस वाट पाहून सोमवारी मी शिवकन्याबाईला घेऊन तांड्यावर गेलो. शिलाची आई बेबीबाई दारात चवळीच्या शेंगा सोलत होती. तिनं न विचारताच सांगितलं.

"दिवस गेलेत तिला, तीन म्हैने झाले. परवा सासू येऊन नेणार हाय."

मला वाटलं आता ती रतनसिंगला, जगनला, सासूला, सगळ्यांना झाडणार. पण ती बेबीबाईशेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. शिला आतून तांब्या घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर रडल्याचं काही नव्हतं. रागावलेली दिसत होती, आणि तो राग शिवकन्याबाईवर होता.

"बाई, तुमच्या गोळ्या खोट्या निघाल्या," ती म्हणाली.

"कोणत्या गोळ्या?"

"निळ्या. मी एक दिवस चुकवली न्हाई. जूनपासून रोज घेतली. पोरींच्या बी घेतल्या. तरी बी राहिलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. शिवकन्याबाईला लगेच कळलं. तिनं कपाळावर हात मारला नाही, काही नाही, फक्त हळू आवाजात विचारलं, "आगं, मी तीन वर्सं सांगून राहिले, त्यानं कूस बंद होत न्हाई म्हणून. तू ऐकलं न्हाईस?"

"ऐकलं की. तुमी लईच न्हाई न्हाई म्हणायच्या. मला वाटलं लपवून राहिल्या. असल्या गोष्टी मोठी माणसं खऱ्या कवा सांगतात? आमची याडी सांगायची, मला नदीवरून आणलं." याडी म्हणजे आई. बेबीबाईनं शेंगांवरून नजर वर केली नाही. "आन सर तर सोमवारी दार लावून गोळी द्यायचे. नुस्ती रक्ताची असती तर दार काहून लावलं असतं?"

दार मीच लावत होतो. धडा मीच बंद ठेवला होता. पोरीनं मात्र हिशेबी डोक्यानं, हाती आलेल्या चार खुणांवरून, स्वतःचं स्वतः एक उत्तर काढलं होतं. गणितात पहिली येणारी पोरगी, रीत बरोबर होती तिची. तिला दिलेली माहितीच खोटी होती, आणि ती खोटी आहे हे धडपणे सांगायला तोंड उघडणारी एकच बाई होती. मला स्वतःची इतकी चीड आली की तिथून उठून जावंसं वाटलं.

"मंग खरी कोणती?" शिलानं विचारलं.

शिवकन्याबाईनं पिशवीतून एक पाकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. शिलानं ते उलटंसुलटं करून पुढून-मागून वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचलं, पुस्तक वाचावं तसं.

"ही पिशवीत कवापासून हाय?"

"हमेशा असती."

"मे म्हैन्यात व्हती?"

"व्हय."

"मंग मला काहून न्हाई दिली?"

"तुजं नाव वहीत बसत न्हवतं," शिवकन्याबाई म्हणाली. "आता बाळंत झालीस की बाळंतिणींच्या यादीत येशील. मंग देता येती."

शिलानं मान हलवली, जशी ती वर्गात न पटलेल्या उत्तराला हलवायची. पाकीट शिवकन्याबाईच्या हातात परत दिलं आणि माझ्याकडे वळली.

"सर, तुमी आज शाळेत जाऊन आपल्या वर्गातल्या आकांक्षाला सांगा. दिवाळीनंतर तिचं लगीन हाय. मीच तिला सांगितलंय, निळ्या गोळ्या आत्तापासून साठवून ठिव."