डाव्या दाराचं हँडल

माझ्या वडिलांनी आयुष्यभर स्त्रीचा सन्मान केला. हे मी म्हणत नाही. त्यांना अग्नी दिल्यावर स्मशानात श्रद्धांजलीची जी भाषणं झाली, त्यांतल्या सर्वांत लांबलेल्या भाषणात हे सांगितलं गेलं. वक्त्याने पुरावा म्हणून आमच्या जुन्या पिकअपचं उदाहरण दिलं. गाडी थांबली की वडील आधी उतरायचे, पुढून वळसा घालून डावीकडे यायचे आणि आईसाठी दार उघडायचे. असा शेतकरी आपण दुसरा पाहिला नाही, असं वक्त्याने दोनदा सांगितलं. त्या दाराला आतून हँडलच नव्हतं, हे गर्दीतल्या कुणी त्याला सांगितलं नाही.

हँडल कधी तुटलं ते कुणाला आठवत नव्हतं. काच खाली करून हात बाहेर घालावा, तर काचेची मूठही नुसती फिरायची, आतलं चाक झिजलेलं. त्या गाडीतून वडील वाटूरजवळच्या आमच्या गावाहून जालन्याला मोसंबी न्यायचे. आई सोबत असायची, कारण भाव करताना वडील लवकर विरघळायचे. परतल्यावर पारावरची माणसं विचारायची, "साहेब, मेमसाहेब उतरल्या का?" वडील म्हणायचे, "उतरवल्या." एकदा मामाच्या लग्नातल्या कुठल्याशा आहेरावरून दोघांचं बिनसलं, तेव्हा सगळा माल उतरून होईपर्यंत त्यांनी दार उघडलं नव्हतं. हे भाषणात आलं नाही.

वडील गेल्यावर गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली आणि आई घरात एकटी. मी जालन्यात नोकरीला. आता माझ्याकडे चल, असं मी दर खेपेला म्हणायचो आणि दर खेपेला तूर काढायची राहिलेली असायची, नाहीतर म्हैस व्यायची असायची. शेवटी एकदा ती म्हणाली, "येते. पण ह्याच गाडीत बसून येईन." मला तो होकार वाटला.

ती गाडी बनवणं कंपनीने केव्हाच सोडून दिलं होतं. इंजिन एका मेकॅनिकने चालू केलं, पण बाकीचे पार्ट बाजारात मिळेनात. ते बनवून घ्यावे लागणार होते. जालन्यात लोखंडाला तोटा नाही, म्हणून मी लोखंड कातून देणाऱ्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानावर 'दुनियेतला कोणताही पार्ट बनवून मिळेल' अशी पाटी होती आणि त्याचं बोलणं पाटीपेक्षा मोठं होतं. त्याचा नियम एकच होता: नमुना आणा. तुटका आणा, झिजका आणा, पण नमुना पाहिजे. मी दर सुट्टीला गावी जाऊन काहीतरी खोलून आणायचो. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना झाल्या, त्यांत बसणारे बुश झाले, काचेच्या मुठीचं चाक दोनदा चुकून तिसऱ्यांदा जमलं. क्लचचं पायडल एका कडेला झिजलं होतं, कारण वडील पाय तिरका ठेवायचे. लेथवाल्याने विचारलं, भरून सपाट करू का. मी नको म्हणालो. त्याने केलं.

राहता राहिलं डाव्या दाराचं हँडल. त्याचा नमुनाच नव्हता. मी आईला विचारलं, तुटलेला तुकडा कुठे पडला असेल का, कारण लेथवाल्याला नमुना लागतो. आमच्याकडे तऱ्हेवाईक माणसालाही नमुना म्हणतात, आणि आई वडिलांना तेच म्हणायची. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नमुना तर गेला."

मग मी उजव्या दाराचं हँडल काढून नेलं. त्यावरून साचा करून लेथवाल्याने पितळेत हुबेहूब ओतून घेतलं, घासून चकचकीत केलं. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायाला होत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. हँडल बसलं, पण उलटं चालायला लागलं. मागे ओढायच्या ऐवजी पुढे ढकलायचं.

"उघडतं का न्हाई?" लेथवाला म्हणाला. "मंग झालं तर. बिलकुल बिघाड न्हाई."

निघायच्या दिवशी आईने म्हैस चुलत्याच्या दावणीला बांधली, घराला कुलूप लावलं आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसली. हँडल पुढे ढकलायचं, हे मी तिला गावातच दाखवलं आणि वाटेत पुन्हा सांगितलं. ती हूं म्हणाली. काच तिने एकदा खाली केली, एकदा वर केली.

आमच्या बिल्डिंगखाली गाडी लावली. मी बोचकी घेऊन वर गेलो, फ्लॅटचं दार उघडलं, पाण्याची मोटर लावली आणि खाली आलो. आई गाडीतच बसलेली. समोरच्या काचेतून बघत होती.

"आई, हँडल आहे आता."

"दिसायलंय मला."

हात पिशवीवरच होते. मी मागून वळसा घालून गेलो आणि बाहेरून दार उघडलं. ती दचकली. हळूच उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तू मागून आलास. ते पुढून यायचे. येताना दिसायचे."

मी विचारलं, इतक्या वर्षांत हँडल का बसवून घेतलं नाही.

"म्या म्हणलं न्हाई," ती म्हणाली. "त्यांनी बसवलं न्हाई."

ती आमच्याकडे दिवाळीपर्यंत राहिली. कशालाच नावं ठेवली नाहीत, आणि कशाला हातही लावला नाही. दुपारभर गॅलरीत उभी राहून खाली बघायची. जेवण झालं का विचारलं की झालं म्हणायची. भाऊबीज झाली आणि म्हैस आटली असेल म्हणाली. मी म्हणालो, गाडीने सोडतो, पुढून येईन. ती हसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राहू दे," ती म्हणाली. "एष्टी हाय."

मी तिला स्टँडवर सोडलं. एसटीचं दार कंडक्टर उघडतो.