कंसातली वेळ

भाऊसाहेब गेल्याचं कॉलेजात सगळ्यांत शेवटी मला कळलं, आणि त्याला जबाबदार स्वतः भाऊसाहेबच. अकरा ते एक मेलचं काम चालू असताना मोबाईल ड्रॉवरमध्ये बंद, हा नियम त्यांचा. त्या दिवशीही तो तिथेच होता. साडेअकराला स्टाफच्या ग्रुपवर बातमी पडली. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे स्टाफरूममध्ये जमले, आणि मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, ‘आज उशीर झाला वाटतं स्वारीला’ असं मनात म्हणत विद्यापीठाच्या पत्राला उत्तर लिहीत बसले होते. सकाळी गोठ्यात छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. हे मला एक वाजता ड्रॉवर उघडल्यावर कळलं. बारा वाजून दहा मिनिटांनी मी पाठवलेलं ते उत्तर अजून आमच्या मेलमध्ये आहे. प्रत म्हणून त्यावर त्यांचंच नाव आहे.

भाऊसाहेब म्हणजे भापकर, कर्जतच्या आमच्या कॉलेजातले हेडक्लार्क. आपल्याकडे शाळा-कॉलेजातल्या क्लार्कला भाऊसाहेबच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. मी चौदा वर्षांपूर्वी मिरजगावहून एसटीने येऊन त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले तेव्हा मला कॉम्प्युटर चालू करता येत होता, एवढंच. पहिल्याच महिन्यात मी पराक्रम केला. एका वरच्या ऑफिसने आमचीच माहिती तिसऱ्यांदा मागवली होती. मी तणतणत लिहायला घेतलं, ‘महोदय, आपल्या कार्यालयात कुणी वाचतं की’... आणि बोट कुठे पडलं देव जाणे, तेवढंच पत्र निघून गेलं. मी रडकुंडीला आले. भाऊसाहेबांनी तिकडे फोन करून कीबोर्ड बिघडल्याची थाप मारली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

“ताई, आदी जोडपत्र जोडायचं. मग मजकूर. मग विषय. पत्ता सगळ्यात शेवटी. पत्ताच न्हाई म्हणल्यावर बोट कुटंबी पडू द्या, पत्र जाणार कुटं?”

तिथून शाळा सुरू झाली. मेल दिवसातून तीनदाच उघडायचा, पण उघडला की निकाल लावायचा. “मेल म्हंजे दारात आल्याला पाव्हना. आत घ्या, न्हाईतर वाटंला लावा. उंबऱ्यात ताटकळत ठिवायचा न्हाई.” विषयाच्या जागी ‘अर्जंट’ लिहायचं नाही, काम लिहायचं. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग काम, म्हणजे त्या आपोआप ओळीने उभ्या राहतात. राग आला तर पत्र लिहून काढायचं, पण चहा पिऊन आल्याशिवाय पाठवायचं नाही. जुनं पत्र हवं असेल तर पानं उलटत बसायचं नाही. त्यातले दुसरीकडे कुठे सापडणार नाहीत असे दोन-तीन शब्द आठवायचे आणि अवतरणात घालून शोधायचे. आणि त्यांचा लाडका उपदेश असा, की जे पत्र तीनदा लिहावं लागतं त्याचा साचा करून ठेवायचा, बदलणारी जागा तेवढी कंसात. दाखला, रजा, स्मरणपत्र, सगळ्यांचे साचे मी त्यांच्याच हाताखाली केले. नगरच्या मीटिंगला गेले की इतर कॉलेजांतल्या क्लार्क लोकांसमोर मी ही विद्या तोऱ्यात मिरवायची.

पाच वर्षांपूर्वी आमचे हे गेले. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं संपलं. टेम्पो होता आमचा, मिरजगावहून नगरला कांदा न्यायचे आणि संध्याकाळी आठला दारात टेम्पो लागायचा, फार तर पाच मिनिटं इकडेतिकडे. दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना भाऊसाहेबांचा फोन आला, तो नणंदेने घेतला. फोन ठेवून ती तणतणतच आत आली. “कसला माणूस हाय गं तुज्या हापिसातला? मयताच्या घरी फोन करून इचारतोय, टेम्पो किती वाजता यायचा म्हून!” मला तेव्हा कशाचीच शुद्ध नव्हती. भाड्याबिड्याचं काही काम अडलं असेल, असं वाटलं आणि विसरून गेले.

त्याच संध्याकाळी त्यांचा मेल आला. ‘ताई, काय लिहावं कळत नाही. रोज आठ वाजता नजर दाराकडे जाईल. जाऊ द्या, तिला अडवू नका. कामाची काळजी करू नका, सावकाश या. – भापकर.’ बस्, एवढंच. भेटायला आलेल्या शंभर माणसांनी मला धीर धरायला सांगितलं, मुलीकडे बघून रडू आवरायला सांगितलं. जाऊ द्या म्हणणारा हा एकटा निघाला. मी त्या मेलची प्रिंट काढून कपाटात मुलीच्या जन्मदाखल्याजवळ ठेवली. पाच वर्षं रोज आठला माझी नजर दाराकडे गेली, आणि रोज मी स्वतःला म्हटलं, जाऊ दे. त्या चार ओळींच्या आधाराने मी उभी राहिले, यात काही वाढवून सांगत नाही.

भाऊसाहेबांचं दिवसकार्य झालं आणि प्राचार्यांनी ऑफिसच्या मेलचा सगळा कारभार माझ्याकडे दिला. भाऊसाहेबांचा ‘साचे’ नावाचा फोल्डर मी पहिल्यांदाच पूर्ण उघडला. सगळं अकारविल्हे, अगदी त्यांच्या स्वभावासारखं. ‘सभा सूचना’च्या खाली आणि ‘सेवापुस्तक नोंद’च्या वर एक फाईल होती, ‘सांत्वन’. ‘(संबोधन), काय लिहावं कळत नाही. रोज (वेळ) वाजता नजर दाराकडे जाईल. जाऊ द्या, तिला अडवू नका...’

काय लिहावं कळत नाही, हेसुद्धा साच्यात! मग त्यांनीच शिकवलेल्या युक्तीने ‘नजर दाराकडे’ एवढे शब्द अवतरणात टाकून शोधलं. अकरा पत्रं निघाली, माझं त्यात चौथं. बाकीची उघडून बघण्याचीसुद्धा मला किळस आली. एवढा राग मला आयुष्यात क्वचित आला असेल. माझा नवरा गेला होता हो, भाऊसाहेब, दाखल्याचा अर्ज नव्हता आला. तीनदा लिहावं लागतं त्याचा साचा करायचा, मग माझं दुःख तुमच्या हिशेबी कितवं होतं? मी ज्याला आधार समजत होते ते सवयीने उरकलेलं टपाल होतं. फसवलंत तुम्ही मला. आणि मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही. मी घरी गेले, कपाटातली प्रिंट काढली आणि चार तुकडे केले. टाकून मात्र दिले नाहीत.

त्यानंतर मी सूड घेतला. हसू नका, खरंच घेतला. मोबाईल दिवसभर टेबलावर ठेवला. मेल येतील तसे येऊ दिले, अडीचशे पाहुणे उंबऱ्यात ताटकळत बसवले. फाईलींना ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘शेवटची’, ‘खरी शेवटची’ अशी नावं दिली. एकदा तर रागात लिहिलेलं पत्र चहाच्या आधीच पाठवलं. प्राचार्य दोनदा येऊन म्हणाले, “मॅडम, ते परवाचं पत्र सापडत नाहीये का?” मी म्हटलं, शोधतेय सर. शोधत नव्हतेच.

मागच्या आठवड्यात प्राचार्यांनी बोलावलं. भापकरांच्या घरी कॉलेजतर्फे शोकठराव अजून गेलेला नव्हता. तो मेलने पाठवा आणि सोबत चार ओळी तुमच्याही लिहा, इतकी वर्षं शेजारी बसलात, असं ते म्हणाले. मी टेबलाशी येऊन बसले. माझ्या स्वतःच्या अशा चार ओळी काही सुचेनात. मग मनात आलं, का शोधायच्या? त्यांच्या बायकोला त्यांचाच साचा पाठवते. फिट्टंफाट! ठराव जोडला. ‘सांत्वन’ उघडून मजकूर उतरवला. संबोधनाच्या जागी ‘वहिनी’ टाकलं आणि पुढच्या कंसाशी येऊन अडले.

(वेळ).

चौदा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसले, आणि तो घरी किती वाजता पोचतो हे मला माहीत नव्हतं. मी पाच-चाळीसची एसटी पकडून निघायची, तेव्हा ते खुर्चीतच असायचे. नंतर किती वेळ बसायचे, मी कधी विचारलंच नाही. अंदाजाने ‘सहा’ टाकून बघितलं आणि खोडलं. शेवटी त्यांच्या मुलाला, नितीनला फोन लावला.

“मॅडम, आता हे कशाला पायजे तुमाला? पेन्शनच्या कागदाला लागतंय का?” तो चिडूनच म्हणाला.

“नाही रे, असंच...”

मागून वहिनींनी फोन घेतला. “कोन, सुरेखाताई व्हय? सव्वासातला यायचे बगा. मी सातला चहाचं आदन ठिवायची. आजून ठिवते. सवय जात न्हाई. का वो?”

“सहजच, वहिनी,” म्हटलं. फोन ठेवला आणि नणंदेचा तो पाच वर्षांपूर्वीचा तणतणाट कानात वाजला. मयताच्या घरी फोन करून इचारतोय...

मग ती अकरा पत्रं मी एकेक करून उघडली. सगळीकडे तेच शब्द, मान्य. पण रात्रपाळीच्या वॉचमनच्या बायकोला ‘सकाळी साडेसहा’. मराठीच्या बाईंना, त्यांचा मुलगा होस्टेलवरून यायचा म्हणून, ‘रोज’ खोडून ‘दर शनिवारी चार’. ग्रंथपालांना, त्यांचे वडील देवळातून परतायचे ते, ‘सकाळी नऊ’. अकरा घरी त्यांनी फोन केला असणार, आणि अकरा घरच्यांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या असणार.

राग गेला, असं मी म्हणणार नाही. भाऊसाहेब, माझ्यासाठी तुम्ही चार नवे शब्द शोधायला हवे होते, हे मी अजूनही म्हणते. पण त्या दिवशी मी कंस काढून ‘सव्वासात’ लिहिलं, चहा पिऊन आले, पत्र परत एकदा वाचलं, पत्ता शेवटी टाकला आणि पाठवलं. चार तुकडे चिकटपट्टीने जोडून कपाटात जिथल्या तिथे ठेवलेत. आठ वाजता नजर दाराकडे जाते, ती जातेच. आता सव्वासातलाही एकदा घड्याळाकडे जाते.